पूर्णिमाताईंचं पित्त

म्हशींची धार काढून झाली की पूर्णिमाताई गोठ्याच्या दाराशी टेकायच्या आणि हंबीरराव घरातून पाण्याचा तांब्या आणि पित्ताची गोळी घेऊन यायचे. पेठ वडगावातल्या त्या गल्लीत या गोष्टीचं बायकांना भारी कौतुक. लग्न झाल्यापासून ज्या माणसानं स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नाही, तो आता बायकोला पाणी आणून देतो, म्हणजे नवलच. पूर्णिमाताई वरवर हसण्यावारी न्यायच्या, पण मनातून सुखावायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपली अशी काळजी कधी घेतली नव्हती.

पोटात आग पडायला लागून वर्ष झालं होतं. आंबट पाणी तोंडाशी यायचं, रात्री उशाला दोन उशा लागायच्या. तेव्हा हंबीररावांनी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ताईंना बाहेर बसायला सांगितलं आणि हंबीररावांना आत बोलावलं. आपल्याकडे रीतच ती. दुखतं बाईचं आणि सांगायचं घरच्या माणसाला. बाहेर आल्यावर हंबीरराव म्हणाले, साधं पित्त आहे, गोळी रोज घ्यायची, बास. ताईंनी पुढे काही विचारलं नाही. मेडिकलवाल्यानंही कधी विचारलं नाही. पाकीट संपलं की दुसरं मिळायचं.

गोळी सकाळी पोटात जायची, अन्न मात्र दुपारी, सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर. हळूहळू भाकरीचा घास छातीत अडकायला लागला, तशी त्या भाताचं पातळ करून खाऊ लागल्या. अंगातले ब्लाऊज दोनदा आत घ्यावे लागले. लेकीचं, क्रांतीचं, लग्न हातकणंगल्याच्या घरात ठरलं होतं. लग्नाची दगदग म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हे तर ताईंनी लाजेनं कुणाला सांगितलंच नाही.

हळकुंड फोडायला सवाष्णी जमल्या त्या दिवशी ताईंना उलटी झाली. उलटी कॉफीच्या रंगाची होती. क्रांतीनं कुणाचं काही न ऐकता शेजारची गाडी काढायला लावली आणि आईला थेट कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हंबीरराव मागून मोटरसायकलवर आले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून तपासलं. पोटात जुनी जखम होती, तिच्यातून रक्त झिरपत होतं, आणि जखमेची कड त्यांना चांगली दिसली नाही. तुकडा तपासायला पाठवला होता. तो साधा निघाला तर औषधानं भागेल, नाहीतर मोठे उपचार करावे लागतील, असं त्यांनी ताईंच्या तोंडाकडे बघून सांगितलं. गोळी वाईट नाही, त्या म्हणाल्या, आताही ती देणारच आहोत. पण ती का, कशी आणि किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. गोळीनं जळजळ दबते, म्हणून आतलं दुखणं बरं झालं असं नसतं. वजन उतरलं, घास अडकला, काळं शौचाला झालं की गोळ्या घेत घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मग त्यांनी विचारलं, ही तपासणी आधी कुणी सांगितली नव्हती का?

ताई नाही म्हणाल्या. हंबीरराव खाली बघत राहिले. ते बघूनच क्रांतीला शंका आली आणि तिनं तिथूनच वडगावच्या डॉक्टरांना फोन लावला. ते चिडूनच बोलले. गोळी पंधरा दिवसांपुरती दिली होती, पुढे दुर्बिणीची तपासणी करून घ्या म्हणून तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हंबीरराव म्हणाले, "पोरीला स्थळं येत हुती. आईला असलं काय हाय म्हणून कळलं असतं तर पावणं फिरलं असतं. म्हटलं, लगीन होईतवर निभंल."

दुखण्याची भीती पूर्णिमाताईंना वाटतच होती, पण हे तिच्याहून खोल लागलं. "रोज पाणी आणून देत हुता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमास्नी माझी माया आली."

क्रांतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या जिवाशी हा खेळ तिच्या नावावर खेळला गेला होता. तिनं होणाऱ्या सासूला, बायडाबाईंना, फोन लावला. हंबीरराव फोन काढून घ्यायला उठले, तशी ताईंनी त्यांचं मनगट धरलं आणि तिला बोलू द्या म्हणाल्या.

"आत्ती, आईच्या पोटात जखम हाय," क्रांती म्हणाली. "बाबांनी वरीसभर दाबून ठेवलं. तिचं औषधपाणी झाल्याबिगर मी बोहल्यावर चढत न्हाय. लगीन मोडायचं असंल तर मोडा."

हंबीररावांनी डोक्याला हात लावला. मग पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला आणि बायडाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "लगनाचं ऱ्हाऊ दे बाजूला. त्या कसली गोळी घेत हुत्या?"

"पित्ताची. सकाळची."

"मी बी दोन वरसं तीच घेतोय, पोरी. आमचं मालकच आणून देत्यात. त्या डॉक्टरबाईस्नी इचार की, मी एकटीच आलो तर तपासतील न्हवं?"