आखणी चालू असताना

आकडा ३४ होता.

आकड्यात वावगं काही नव्हतं. शाडूची मूर्ती वाळवणखोलीत असली की पारा पस्तिशीच्या आसपास राहायला हवा. चाळिशीकडे सरकू लागला की एक हीटर बंद करायचा आणि मागची झडप उघडायची. पेणजवळच्या जोह्याच्या त्या गणपतीच्या कारखान्यात हे आता सगळ्यांना पाठ होतं. टेबलावर कॉम्प्युटर, त्यात एक खिडकी, खिडकीत एक मोठा हिरवा आकडा. हा प्रोग्रॅम घरच्या सुनेनं, भाविकानं, पायथन या कॉम्प्युटर भाषेत लिहिलेला. ती रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला जायची. तिथं शिकली आणि घरी येऊन लिहिलं.

सासरे गुणाजी यांनी आधीच बजावलं होतं. "या साली बघू. रोह्याच्या मंडळाची चार फुटी नीट सुकली तर खोली तुझी. तडकली तर हीटर विकतो नि खोलीत साचे रचतो."

३४.

त्या दिवशी भाविका रोह्याला गेली होती. खिडकीवर लक्ष ठेवायला काशीबाई. काशीबाई घासकाम करणारी, तिची बसायची जागाच कॉम्प्युटरशेजारी. मूर्तीच्या कानामागे पॉलिश पेपर फिरवायचा, मान वर करायची, आकडा बघायचा, मान खाली. दुपारी लाईट गेली आणि लगेच आली. कॉम्प्युटर बॅटरीवर, तो बंद पडला नाही. आतल्या खोलीतला तापमान मोजणारा डबा मात्र बंद पडून पुन्हा सुरू झाला. नेमकं त्या क्षणी प्रोग्रॅमनं डब्याला विचारलं होतं, किती? उत्तर मधल्यामध्ये गळालं. प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसला. विचारणारा तोच आणि खिडकीत आकडा लिहिणाराही तोच, त्यामुळे लिहायला कोणी उरलं

३४.

नाही. काशीबाईला कसली तरी शंका आली. तिनं माऊस हलवला. बाण खिडकीवर गेला आणि त्याचं बारीक गोल चक्र झालं. फिरू लागलं. भाविकानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, गोल फिरत असलं ना, म्हणजे ते आत कामात आहे. हात लावायचा नाही."

आता या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. मूर्ती साच्यातून कोणीही काढो, घासो कोणी, रंग देवो कोणी, डोळ्यांची आखणी मात्र गुणाजीच करणार. बाकीच्यांनी रंगवून झालेली मूर्ती त्यांच्या डाव्या हाताच्या फळीवर ठेवायची आणि मागं सरायचं. त्यांना रिकामा वेळ झाला की ते फळीवरून उचलतात. डोळ्यावर कुंचला टेकला की कारखान्यात कोणी बोलत नाही. रेडिओ बंद, फोन बंद. खोकला आला तर अंगणात जाऊन खोकायचं.

त्या दुपारी गुणाजी आखणीलाच बसले होते. काशीबाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग चक्राकडे. इकडे एक आखणी, तिकडे एक आखणी. तिनं माऊसवरून हात काढला. आवाज नको म्हणून पाण्याचा डबाही उचलून लांब ठेवला.

३४.

३४.

३४.

भाविका एसटीनं परत आली तेव्हा तिला तापलेल्या पत्र्याचा वास आला. खोलीचं दार उघडलं तसा झळीनं चेहरा भाजला. भिंतीवरच्या साध्या काचेच्या थर्मामीटरमध्ये पारा पन्नाशीवर चढलेला. मूर्तीच्या उजव्या खांद्यापासून पाठीवर खाली उतरलेली भेग होती, करंगळीचं नख आत जाईल एवढी.

"मी नजर काढली नाय गो त्याच्यावरनं," काशीबाई म्हणाली. "चौतीसच होता."

"मग फोन नाही का करायचा, मावशी?"

"मामा तुझे आखणीला बसलेले. नि तुझं बी गोल फिरत होतं. तूच बोललेलीस ना, हात लावायचा नाय?"

बोललेली होती.

गुणाजी आले. त्यांनी भेगेवरून अंगठा फिरवला. "पुढनं गेली असती तर दागिन्यात झाकली असती. पाठ उघडी असते." मग भाविकाकडे न बघता म्हणाले, "मंडळाच्या नितेशला बोलव. रोह्यासनं येऊ दे, डोळ्यांनी बघू दे. बुजवून, रंगवून गपचूप देणार नाय मी."

*

मागे, नितेश येईपर्यंत:

भाविकाचा पहिला उपाय चुकला. तिनं प्रोग्रॅमला दुसरा धागा दिला. धागा म्हणजे त्याच प्रोग्रॅमचा आणखी एक हात. डब्याला विचारायचं आणि वाट बघायची हे काम या मागच्या हाताकडे गेलं, त्यामुळे खिडकी मोकळी राहिली. पण उत्तर आलं की तोच मागचा हात पुढं येऊन खिडकीत आकडा लिहायचा. एका खिडकीत दोन हात. सकाळभर छान चाललं. जेवून आली तर खिडकीच गायब. पुन्हा चालवलं, पुन्हा चाललं, आणि पुन्हा कधी तरी गेलं. नेहमी बिघडलं असतं तरी बरं, कधी तरी बिघडतं ते वाईट.

शोधता शोधता तिला नियम सापडला. खिडकी ज्या धाग्यानं उघडली त्यानंच तिला हात लावायचा, दुसऱ्या कोणी नाही. तिला हसूच आलं. लग्न होऊन आल्यापासून ती याच नियमात राहत होती. मूर्तीचा डोळा जरासा फिका राहिलाय असं दिसलं तरी तिनं कधी कुंचला उचलला नव्हता. तिनं नवीन लिहायला घेतलं.

मागचा धागा: डब्याला विचार. थांब. आलं? फळीवर ठेव. पुन्हा विचार.

पुढचा धागा: फळीकडे बघ. आहे? उचल, लिही. नाही? थांबू नकोस, आपलं काम कर. परत बघ.

फळी बराच वेळ रिकामी: आकडा पुसून टाक. लाल कर. लिही, बातमी नाही.

शेवटची ओळ तिनं सगळ्यात आधी तपासली. वायर काढली आणि हिरवी खिडकी लाल होईपर्यंत बघत उभी राहिली.

*

नितेश बाईकवरून आला. शर्टावर मंडळाचा बिल्ला, वय पंचविशीचं. त्यानं मूर्तीला फेरी मारली.

"पाठ कोण बघतंय काका? बाप्पा पडद्याला टेकून बसणार."

"विसर्जनाला तुझी पोरं ट्रॉली ढकलतात ती काय पुढनं ढकलतात?" गुणाजी म्हणाले.

नितेश हसला, मग हसायचा थांबला. "नवी करता येईल?"

"आता नवी धरली तर ओलीच घेऊन जाशील. शाडूचं पाणी नि कागदाचा लगदा भरून बुजवता येतो. अजून पूजेला लागली नाय, मातीच हाय ती. पण पुन्हा सुकवावी लागंल."

"याच खोलीत?"

"याच खोलीत," भाविका म्हणाली.

नितेशनं तिच्याकडे बघितलं, आणि टेबलावरच्या खिडकीकडे. "वहिनी, सांगून ठेवतो. पुन्हा भेग पडली तर आम्ही पेणच्या बाजारातनं तयार पीओपीची उचलणार. पोरांना शाडू पटवताना माझा घसा बसलाय."

तो गेल्यावर काशीबाई म्हणाली, "ती खिडकी माझ्यासमोर नको ठेवूस गो."

"तुमच्याच समोर राहील, मावशी. आता सोपं आहे. आकडा हलत राहतो. लाल झाला की ओरडायचं."

"आखणी चालू असली तरी?"

भाविकानं सासऱ्यांकडे बघितलं. ते वाटीत काळा रंग कालवत होते. कालवतच राहिले.

*

रविवार. भाविका अंगणात शाडू मळत होती. हात कोपरापर्यंत पांढरे. दारातून आतलं सगळं दिसत होतं. फळीवर रांगेनं मूर्ती, पलीकडे गुणाजी, त्यांच्या मांडीवर एक लहान मूर्ती, कुंचला डाव्या डोळ्यावर. कारखाना चिडीचूप.

काशीबाईचा पॉलिश पेपर थांबला.

भाविकाला आधी तिचा थांबलेला हात दिसला, मग तिच्या गालावर पडलेला लाल उजेड. काशीबाईनं तोंड उघडलं. मिटलं. तिनं गुणाजींच्या कुंचल्याकडे बघितलं. भाविकाच्या लक्षात आलं, आपणही श्वास धरून उभे आहोत. प्रोग्रॅम आपण लिहिला, ओरडायला आपण सांगितलं, आणि आपल्याही तोंडातून आवाज निघत

"भाविका! लाल झाला गो, लाल!"

नाही. पण काशीबाईचा निघाला. कुंचला घसरला, मूर्तीच्या गालावरून कानापर्यंत काळी रेघ.

भाविका धावली. डब्याची वायर निघाली होती. खोलीत ऊब बघून मांजर शिरलं होतं, ते डब्यावर पसरलेलं. थर्मामीटर अडतीसच्या पुढं. तिनं एक हीटर बंद केला, झडप उघडली, मांजराला हाकललं आणि वायर बसवली. मग हात पुसून बोटं मूर्तीच्या पाठीवर फिरवली. बुजवलेली जागा किंचित थंड, गुळगुळीत, सलग. खालपासून वरपर्यंत दोनदा चाचपून बघितली.

बाहेर आली तेव्हा गुणाजी ओल्या फडक्यानं तो गाल पुसत होते. काशीबाई भिंतीशी उभी.

"काय होतं?"

"वायर निघालेली, मामा. मूर्ती ठीक आहे."

त्यांनी मान हलवली. फडकं पिळलं. "काशे, उभी का? बस खाली. केवढ्यानं ओरडतेस, रोह्याला ऐकू गेलं असंल."

"जाऊ दे की," काशीबाई बसता बसता म्हणाली. "मूर्ती तिकडंच जायची हाय."

गुणाजी हसले की काय ते भाविकाला दिसलं नाही, त्यांनी मान खाली घातली होती. त्यांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला, टोक वाटीच्या कडेला निथळलं, आणि परत सगळं गप्प झालं.

३७.

३६.

३६.

३५.