गाण्यामागची रांग

"शर्टाला इस्त्री केलीय. तू येतेस ना उद्या?" बाबांनी विचारलं.

"कुठं?" ती ताट उचलत म्हणाली.

"अगं, सिनेमाला. आपल्या संगीत महोत्सवावर काढलाय. मी आहे त्यात. दोन दिवस कॅमेरावाल्यांनी माझी पाठ सोडली नव्हती."

"म्हणजे पडद्यावर संडास दाखवणार?"

"गाणारे दाखवतील गं. पण गाणाऱ्यालाही जावं लागतंच की कुठंतरी." ते हसले आणि त्यांनी तिचं तिकीट टेबलावर ठेवलं. हातात दिलं नाही. कधीच काही तिच्या हातात देत नसत.

बावीस वर्षं ते महोत्सवातली फिरती शौचालयं सांभाळत होते. स्टेज त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. गाणी ओळखायची ती रांगेवरून. संथ गाणं लागलं की लोकांची रीघ, गाजलेलं लागलं की सगळं ओस. तेवढ्यात पाणी मारून घ्यायचं. तिनं मात्र आधी शाळेत, मग ग्रंथालयात एकच सांगितलं होतं : वडील कार्यक्रमांची व्यवस्था बघतात. खोटं नव्हतं, म्हणूनच सोयीचं होतं.

"नको बाबा. चारचौघांत बसून ते बघायचं म्हणजे... किळस येते हो."

"बरं." शर्ट पुन्हा हँगरला गेला. "ग्रंथपालबाईंना वेळ नाही."

सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

तिसऱ्या आठवड्यात, सिनेमा उतरायच्या आदल्या दिवशी, ती एकटीच गेली. पायाखाली काहीतरी चिकट सांडलेलं. शेजारच्यानं पुढच्या खुर्चीवर बूट टेकवलेले, तोंडात मक्याच्या लाह्यांचा बकाणा. पडद्यावर एकेक कलावंत मुक्तीबद्दल, ऊर्जेबद्दल बोलत होता आणि त्याच्या मागं मैदानभर उष्ट्या प्लेटा उडत होत्या. किळस येऊन तिनं पाय आखडून घेतले. असल्याच लोकांची घाण बाबा धुवायचे.

तासाभरानं ते आले. बाकी सगळ्यांखाली नावं होती, यांच्याखाली नुसतं 'सफाई कामगार'. मागं कुठलंसं विनोदी वाद्य वाजत होतं. "संथ गाणं लागलं, की आमची धावपळ," बाबा म्हणाले. थिएटर खदखदून हसलं.

मग एक मोठा गायक शौचालयातून बाहेर आला. कॅमेरा पाहून त्यानं बाबांपुढं हात केला. बाबांनी नुकताच धुतलेला हात पाठीमागं नेला आणि मान तुकवली. पुन्हा हशा.

"शी! बरं झालं, नाही दिला हात," मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली.

ती स्वतः नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. शाळेच्या फाटकाशी बाबांनी हात पुढं केला होता. मैत्रिणी बघत होत्या. "हात लावू नका, वास येतो," ती म्हणाली होती. बाबांनी तेव्हाही हात असाच पाठीमागं नेला होता. अगदी असाच.

लोकांची किळस आता कुठल्या कुठं गेली. उरली ती स्वतःची.

ती मागं वळली.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी आजूबाजूच्या माना वळल्या.

"सॉरी," मुलगी पुटपुटली.

"कोपरापर्यंत हात धुवायचे ते, तीन-तीनदा." तिनं पडद्याकडं पाहिलं. तिथं रोषणाई सुरू झाली होती, बाबा केव्हाच गेले होते. "वास येत नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाही येत नव्हता."