भाऊसोची लुना आणि कुतुबभाईचा गाल

सयाजीच्या खोड्यांतनं राजारामपुरीतली आमची गल्ली कधी सुटली न्हाय. कुणाची चप्पल झाडावर, कुणाचं शटर बाहेरनं बंद. पंचेचाळिशी उलटली तरी गड्याचे हात शिवशिवायचेच.

अठ्ठ्याण्णव साल. त्या सकाळी त्यानं भाऊसोची नवी लुना ढकलत मागच्या बोळात नेली, वर ताडपत्री टाकली आणि गाड्यावर चहा पीत बसला. भाऊसो बोंबलत येणार, मग सगळ्यांचा चहा त्याच्याच गळ्यात!

भाऊसो आलाच न्हाय. तो थेट चौकीत गेला. आणि जीप आली ती पंक्चरवाल्या कुतुबुद्दीनच्या दारात.

सयाजीनं चहाचा ग्लास तसाच ठेवला. लुना काढून तो ढकलतच चौकीकडं निघाला. कोपऱ्यावर मिरजेचं पावणं परत रिक्षात चढताना दिसलं. कुतुबभाईच्या पोरीला, रुबीनाला बघायला आलेलं.

चौकीत हवालदार खवळला. "गंमत केली? चोरीचं तीनशे एकोणऐंशी कलम लावतो, तीन वर्सं आत बसून हास!"

दुसऱ्याच कामाला आलेले जोतीराम वकील मधी पडले. "थांबा हो. नुसती वस्तू हलवली म्हणून दंड संहितेत चोरी होत न्हाय. मनात लबाडी लागती. ह्यो तर खोड्यांसाठी गाजलेला. काय भाऊसो?"

"व्हय की," भाऊसो म्हणाला. "शेंबडं पोरगंबी सांगंल."

"मग सुटलास, जा," हवालदार म्हणाला.

सयाजीनं हुश्श केलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "मग भाऊ, माझं नाव का न्हाय सांगितलंस रं?"

भाऊसो गडबडला. "तुझ्यावर कसा संशय घ्यायचा? तू आपला हैस की."

बाकड्यावर बसलेल्या कुतुबुद्दीननं मान वर केली. गालावर बोटं उठलेली. पाय अनवाणी.

सयाजीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "कुतुबभाई, मी मिरजंला जातो. पावण्यांच्या पाया पडतो."

"आणि काय सांगणार? कलमात बसलं न्हाय म्हणून?" कुतुबुद्दीन उठला. "माझ्या गालाला कुठलं कलम लागतं, तेवढं इचार वकीलसाहेबास्नी."

सयाजीनं वकिलांकडं बघितलं. वकील चष्मा पुसायला लागले.

सयाजीनं आपल्या चपला काढून पुढं ठेवल्या. कुतुबुद्दीन त्या ओलांडून तसाच उन्हात चालू लागला.