दुधातल्या दशम्या

धारवाडच्या मळमड्डीत, जयतीर्थ वकिलांच्या घरात अणशीचा बेत शिजत होता, आणि शिजवणारे तिघेही असे, की एकालाही चहाचं आधण धड ठेवता येत नव्हतं.

सन अठ्ठ्याऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. आदल्या वर्षी सरकारनं अणशीचं जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं, आणि तेव्हापासून धारवाडात जो उठेल तो अणशीला जाऊन आल्याच्या गप्पा सांगत होता. कुणी वाघाचा ठसा बघितला, कुणाला नुसता वास आला. या तिघांना ते सहन होईना. वकीलसाहेब, बँकेतले दत्तात्रेय आणि संस्कृतचे निवृत्त मास्तर बाळाचार्य, अशी ही सकाळच्या फिरण्याची मंडळी. रोज युनिव्हर्सिटीच्या टेकडीपर्यंत जायचं आणि परत येऊन वकिलीणबाईंच्या, म्हणजे अंबूताईंच्या, हातची कॉफी प्यायची. तेवढ्या चढाला दम लागत नाही म्हणजे आपण कुठलाही घाट चढू, असा त्यांचा समज. चार दिवस जंगलात तंबू ठोकून राहायचं आणि दिवसभर पायी हिंडायचं असं ठरलं. दत्तात्रेयांच्या ठेकेदार मेव्हण्यानं जीप आणि सत्याप्पा नावाचा ड्रायव्हर द्यायचं कबूल केलं.

त्या दिवशी दत्तात्रेय कुठूनसा जुना नकाशा घेऊन आले. नकाशा धरणाच्या आधीचा, म्हणून त्यांनी सुप्याच्या धरणाचं पाणी निळ्या पेन्सिलीनं स्वतःच रंगवलं होतं. अंबूताई कॉफी घेऊन बाहेर आल्या तेव्हा दत्तात्रेयांचं बोट त्या निळ्यावर होतं आणि ते सांगत होते की पुढेमागे इथं बोटी सुरू होतील, मग काय मजा. अंबूताईंनी वाकून बघितलं. बोटाच्या कडेला, निळ्याखाली, बारीक अक्षरांत वाडळी लिहिलेलं होतं. त्यांनी तबक जरा जोरातच खाली ठेवलं. कॉफी सांडली, तर वकीलसाहेबांनी आधी नकाशा उचलला.

वाडळी म्हणजे अंबूताईंचं माहेर. काळी नदीच्या काठचं, पन्नासभर घरांचं गाव. वडील तिथले कुलकर्णी होते. धरण बांधायला लागले तेव्हा गाव उठणार हे कळलंच होतं, आणि अंबूताई दर वर्षी नवऱ्याला म्हणत होत्या की एकदा जाऊन येऊ. एका वर्षी सासूबाई आजारी होत्या, एका वर्षी मोठा खटला होता, एका वर्षी रस्ता खराब होता. पुढच्या वर्षी जाऊ, असं दर वर्षी ठरत गेलं, आणि पाणी काही वकीलसाहेबांची सवड बघत थांबलं नाही. भावानं सामान काढलं, बेळगावात बिऱ्हाड केलं आणि एका पत्रात दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यावर माहेर संपलं. आता बघायला उरलं होतं ते फक्त गावामागच्या टेकडीवरून दिसणारं पाणी. पण तेही त्यांनी बघितलं नव्हतं. आपलं गाव कुठल्या पाण्याखाली आहे हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि या तिघांची पायवाट नेमकी त्याच टेकडीवरून जाणार होती.

बेत अडला तो जेवणापाशी. बाळाचार्य कडक सोवळ्याचे. सोवळ्यात केलेल्या अन्नाशिवाय त्यांना चालत नसे, आणि त्यांच्या घरच्या वेणूबाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. जंगलात सोवळं नेसून चूल कोण पेटवणार? तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग तिघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दत्तात्रेय म्हणाले, वहिनी आल्या तर प्रश्नच मिटला.

स्वयंपाकीण म्हणून का होईना, अंबूताईंना चाललं असतं. चाललं असतं कसलं, त्या हरखून गेल्या होत्या. हुबळीला जाऊन त्यांनी स्वतःसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारीखाली ते बूट घालून त्या दुपारी गच्चीवर येरझाऱ्या घालायच्या, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. चार दिवस तिघांचं रांधून झालं, की उरलेला वेळ आपला. टेकडीवर बसायचं आणि खाली बघायचं. रडू आलं तर रडायचं, तिथं कोण अडवणार होतं?

आणि मग बाळाचार्यांना युक्ती सुचली.

एका सकाळी ते कॉफीचा पेला हातात धरून खुशीत येऊन म्हणाले, "अहो, आपण उगीच डोकं शिणवत होतो. दशम्या आहेत की. अंबूताईंनी इथूनच करून दिल्या तर तिथं चूलच नको."

बरोबरच होतं. पीठ पाण्यात भिजवून भाजलं की ते खरकटं. ते वाटेत, प्रवासात, चार जणांच्या शिवाशिवीत सोवळ्याच्या माणसानं खायचं नाही. तेच पीठ दुधात भिजवलं की ती दशमी, आणि दशमी खरकटी नव्हे. ती डब्यात घालून काशीपर्यंत न्या, कुणी नाव ठेवत नाही. थंडीच्या दिवसांत तूप घालून केलेल्या दशम्या चार दिवस सहज टिकतात. हे सगळं अंबूताईंना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. ते बाळाचार्यांना आठवू नये म्हणूनच त्या इतके दिवस गप्प होत्या.

"अंबूताईंचा त्रास वाचला," बाळाचार्य म्हणाले.

त्रास. अंबूताईंच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या बायकोला तिचं माहेर बघायचंय, एवढं एक वाक्य वकिलाच्या तोंडून निघायला काय हरकत होती? लोकांची भांडणं भांडून ज्याचं घर चालतं, त्या माणसानं नकाशावरून मान वर न करता विचारलं, किती दशम्या लागतील.

रात्रीच्या जेवणाला अंबूताईंनी सरळ सांगितलं, की मला यायचंय, मला वाडळीचं पाणी बघायचंय. वकीलसाहेब समजुतीच्या सुरात बोलले. हा सूर त्यांचा हरलेल्या अशिलांसाठी राखून ठेवलेला. जीपमध्ये आता जागा कुठली, तंबू आहे, अंथरुणं आहेत. शिवाय चार पुरुषांत एकटी बाई, तुलाच अवघडल्यासारखं होईल. पुढच्या वर्षी तुम्हा बायकाबायकांची वेगळी सहल काढू. पुढच्या वर्षी, हे शब्द ऐकले आणि अंबूताईंनी पुढं वाढायचं थांबवलं. वकीलसाहेबांनी ताटात आमटी येईल म्हणून थोडी वाट बघितली, मग हात धुतला.

तंबू हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या मांडववाल्याकडून भाड्यानं आला. लग्नाच्या मांडवाचंच कापड ते, लाल झालरीचं, वर हळदीचे आणि सांबाराचे डाग. अंगणात तो उभा करताना तिघं घामाघूम झाले आणि तो दोनदा त्यांच्याच अंगावर बसला. शेवटी सत्याप्पानं खुंट्या ठोकून दिल्या. तंबू गुंडाळून जीपमध्ये कोंबला तेव्हा मागची जागा भरून गेली, आणि दत्तात्रेय हसत म्हणाले, "अंबूच्या जागी तंबू." वकीलसाहेबही हसले. थोडंसंच, पण हसले. अंबूताई दारात उभ्या होत्या हे त्यांना माहीत होतं.

त्या हसण्यावर अंबूताई दोन दिवस जळत होत्या. भांड्यांचा आवाज वाढला होता. मोलकरीण लक्कव्वानं विचारलं, "काय झालं हो अक्का?" तर तिला कारण नसताना बोलणी बसली. बाहेरच्या खोलीत कोयता, दोऱ्या, बॅटरीचे सेल, सापावरचं औषध असल्या वस्तू जमत होत्या. मोहिमेवर निघालेल्या फौजेची तयारी, आणि फौजेचा शिधा कोण करणार तर जिला मागं ठेवायचं तीच. अंबूताईंना नवऱ्याचा राग होताच, पण त्याहून जास्त आचार्यांचा होता. त्यांच्या एकट्याच्या सोवळ्यासाठी आपल्याला आधी बोलावलं आणि त्याच सोवळ्यासाठी आपल्याला वगळलं, असं त्यांना वाटत होतं.

निघायच्या आदल्या दुपारी त्या आंघोळ करून, सोवळं नेसून पीठ भिजवायला बसल्या. दुधाचं पातेलं उजव्या हाताला, पाण्याचा तांब्या डाव्या हाताला. दूध पिठात ओतायचं म्हणून त्यांनी पातेलं उचललं, आणि ते तसंच हातात राहिलं. मग त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि तांब्या उचलला. पीठ त्यांनी असं मळलं, की परात जमिनीवर घासत भिंतीपर्यंत गेली. प्रत्येक दशमीला तूप लावलं, फडक्यात गुंडाळली, डब्यात भरली. दिसायला अगदी तशाच. दुधाला त्यांनी विरजण लावून टाकलं.

आधी सांगितलं असतं तर कुठून तरी दुसऱ्या दशम्या आल्या असत्या. मळमड्डीत सोवळ्याच्या घरांना तोटा नव्हता. म्हणून त्या सकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

उजाडताना जीप दारात आली. आचार्य पुढं, ड्रायव्हरशेजारी, कारण मागं धक्के बसतात. दत्तात्रेय मागं तंबूला टेकून. वकीलसाहेब गळ्यात मफलर गुंडाळून डब्याची वाट बघत उभे. अंबूताई बाहेर आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पायात पांढरे बूट.

"आचार्य, एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "दशम्या पाण्यात भिजवल्या आहेत."

वकीलसाहेबांनी विचारलं, दूध नासलं की काय.

"दूध चांगलं होतं. मी मुद्दाम पाण्यात भिजवल्या. आचार्यांच्या पोटात जायच्या आधी सांगते आहे, कारण त्यांचा नेम मोडायचा नाहीये मला."

बाळाचार्यांचा चेहरा उतरला. जंगलाच्या नाक्यावर दुपारच्या आत पोचायचं होतं, आता दुसरी सोय होणार नव्हती. थोडा विचार करून ते मोठेपणानं म्हणाले, की मग तुम्हीच चला, आधी ठरलं होतं तसं तिथं सोवळ्यात भात टाका.

"मी येतेच आहे," अंबूताई म्हणाल्या. "पण चूल फुंकायला नाही. मला माझं गाव बघायचंय."

आचार्य खाली उतरले. स्वतःची वळकटी आणि पाण्याचा तांब्या काढून घेतला. "आयतु, बिडरी," एवढंच पुटपुटले, झालं, सोडा, अशा अर्थानं, आणि घराच्या दिशेनं चालू लागले. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघून अंबूताईंना जरा वाईट वाटलं. माणूस हटवादी होता, पण जे पाळत होता ते खरोखर पाळत होता. त्यासाठी त्यानं अणशी सोडली.

दत्तात्रेय जीपमधून हसले. आमचं काही अडत नाही, वहिनी, मी बँकेच्या कँटीनमध्ये इडली खाणारा माणूस, असं म्हणाले. वकीलसाहेबांनाही प्रकरण मिटवायचं होतं. ते अंबूताईंच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, मलाही चालतं की. एवढं करायचं काय कारण होतं? हुबळीला कोर्टात गेलो की मी लॅमिंग्टन रोडच्या खानावळीतच जेवतो."

अंबूताईंनी विचारलं, "आणि डबा?"

वकीलसाहेबांनी मफलर सारखा केला. "तो कारकुनाला देतो. त्याला आवडतात तुझ्या दशम्या."

लग्न झाल्यापासून हुबळीच्या कोर्टाच्या प्रत्येक दिवशी अंबूताई पहाटे उठल्या होत्या. थंडीत गार पाण्यानं आंघोळ, सोवळं, दूध, तवा, डबा. नवऱ्याचा आचार परगावी मोडू नये म्हणून. तापात केल्या, बाळंतपणानंतर उठून केल्या, वडील गेल्याची तार आली त्या दिवशीही आधी डबा भरला होता. आणि हा माणूस खानावळीत पाण्यातली चपाती मोडत होता. त्याला चालत होतं. नकाशापुढं बसला होता तेव्हाही चालत होतं. मला चालतं, आचार्यांपुरतं काय ते बघा आणि अंबूला घ्या, हे त्याच्या जिभेवर होतं आणि त्यानं ते गिळलं, कारण सोवळ्याचा वकील म्हणून मळमड्डीत मिरवायला बरं पडत होतं. आचार्यांवर, तंबूवर, निळ्या पेन्सिलीवर इतके दिवस वाटून टाकलेला राग अंबूताईंनी सगळा गोळा केला आणि जिथं ठेवायचा तिथं ठेवला.

मग त्या वळसा घालून पुढं गेल्या, आचार्यांच्या रिकाम्या जागेवर बसल्या आणि डबा सत्याप्पाच्या हातात दिला.

"हे तुला रे. चार दिवस पोटभर खा. साहेबांना भूक लागली तर वाटेत खानावळ बघून थांबव."

सत्याप्पानं आरशातून मागं चढणाऱ्या वकीलसाहेबांकडे बघितलं. "अक्का, दांडेलीच्या पुढं खानावळ नाही की."

"मला ठाऊक आहे," अंबूताई म्हणाल्या. "माझं माहेर आहे तिकडं."