उजव्या गालावरची सावली

पौषातलं ऊन पन्हाळ्यावर उतरतं ते हलक्या पावलानं. पांढुरकं, पातळ, पाकळी-पाकळीनं उमलणारं ऊन. तटाच्या श्यामल पाषाणावर, वाळून सोनपिवळ्या झालेल्या गवतावर, बुरुजाच्या फटीत रुजलेल्या उंबराच्या कोवळ्या पानांवर ते सारख्याच मायेनं टेकतं. खालच्या दरीतलं नीलधूसर धुकं मात्र पांघरूण सोडायला तयार नसतं. दहा वाजले तरी दरी झोपलेली आणि गड जागा. रविवारची वर्दळ सुरू व्हायला अजून अवकाश असतो.

त्या उन्हात, तीन दरवाजाच्या अलीकडे, घडीच्या स्टुलावर सुकन्या मगदूम बसली होती. कोल्हापूरच्या एका कलामहाविद्यालयात ती तिसऱ्या वर्षाला होती. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, समोर गिऱ्हाइकासाठी रिकामं स्टूल, आणि पुठ्ठ्यावर स्वतःच्याच सुरेख अक्षरात लिहिलेली पाटी: 'दहा मिनिटांत तुमचं चित्र'. आठवड्याचे सहा दिवस सकाळी वर्ग, संध्याकाळी मंडईत नाहीतर तळ्याकाठी स्केचिंग, आणि सातव्या दिवशी इथं गडावर चित्रं विकणं. त्या विकण्यावर शिकणं चालायचं. सातही दिवस बोटं कोळशानं काळी. आई म्हणायची, हिच्या हाताला मेंदी लावून उपयोग काय, दिसायची कुठं!

त्या रविवारी मात्र बोटं स्वच्छ होती. कोळशाच्या कांड्या डब्यातच होत्या. सुकन्या घाबरलेली होती.

झालं होतं ते असं. गुरुवारी वर्गात मॉडेल म्हणून एक वृद्ध गृहस्थ बसले होते, खिडकीला एक खांदा देऊन. अर्ध्या मुखावर प्रकाश, अर्ध्यावर काळोख. वीस बोर्डांवर वीस अर्धोज्ज्वल, अर्धतिमिर चेहरे उमटले. सुकन्याच्या बोर्डावर उमटला तो सगळाच्या सगळा गोरा.

इंगवले सर तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"खिडकी एकीकडं आणि उजेड दोन्हीकडनं? दुसरी खिडकी कुठाय? मलाही दाखव."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बुधवारी एक चेहरा काढून आण. त्यात सावली नसली, तर पुढच्या वर्षी इलस्ट्रेशन घेऊ नकोस. अक्षरलेखन घे. अक्षर चांगलं आहे तुझं."

अक्षर चांगलं आहे! एवढं गोड बोलून कुणी कुणाच्या काळजात सुरी खुपसली नसेल. गोष्टींच्या पुस्तकांतली माणसं काढायची, राजे आणि गारुडी, आज्या आणि चेटकिणी काढायच्या, एवढं एकच तर तिला लहानपणापासून हवं होतं. त्यासाठी ती घरी तीन महिने भांडली होती. आणि आता बुधवारच्या एका चेहऱ्यावर ते सगळं येऊन टेकलं होतं.

सावली गेली कुठं, हे तिला ठाऊक होतं. ती इथंच गेली होती, गडावर, एकेका रविवारी एकेक बोट. पहिल्याच महिन्यात एका आईनं लेकीचं चित्र पाहून नाक मुरडलं होतं. "एवढं काळं कशाला केलंत? आमची पोर उजळ आहे." सुकन्यानं कणकेसारखं मऊ रबर मळलं आणि गाल पुसला. पुढच्या रविवारी एका नवरदेवानं नव्या नवरीचा गाल पुसायला लावला. त्याच्या पुढच्या रविवारी कुणी काही बोलायच्या आतच तिनं तो कोरा सोडला. चेहरे उजळत गेले, गिऱ्हाइकं खूश होत गेली. कोळसा केसांपुरता, भुवयांपुरता, कुंकवापुरता उरला. गालापाशी आला की हात आपोआप मागं फिरायचा.

शनिवारी तिनं आरशासमोर बसून स्वतःला काढलं. सुकन्या सावळी, चांगली गर्द सावळी. कागदावर उतरली ती कुणीतरी गोरीगोमटी, अनोळखी. पुन्हा काढलं, पुन्हा तीच. चित्रं विकता विकता मी डोळेही विकले की काय, असं तिच्या मनात आलं. तिला स्वतःची लाज वाटली आणि मग ती खूप रडली.

तीन दरवाजाच्या सावलीत, सुकन्याच्या समोरच, दह्याची गाडगी मांडून हौसाक्का बसायची. खालच्या वाडीतून डोक्यावर पाटी घेऊन चढून यायची. वय साठीच्या पलीकडे, पाठ ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आणि वर्ण? मृगाच्या सरीनं भिजलेल्या नांगरटीचा, दमट, घनश्याम, आतून लकाकणारा. वर्षभर दोघी समोरासमोर बसल्या होत्या. पण आपलं चित्र काढ, असं हौसाक्का कधी म्हणाली नव्हती.

त्या दिवशी म्हणाली.

"आज बोटं लई धुतल्याली दिसत्यात तुझी. रिकामीच हाईस, तर माझं काढतीस काय?" आणि उत्तराची वाट न बघता येऊन स्टुलावर बसली. पदर सारखा करत म्हणाली, "नातीला धाडायचंय, पुन्याला. साळंत पोरी तिला काळी काळी म्हनत्यात. जेवत न्हाई म्हनं. ती माझ्यावर गेलीया, बाळ. तिला दावायचंय, कुनावर गेलीयास ते."

सुकन्यानं डबा उघडला. दहा मिनिटांत चित्र झालं. रेघ देखणी, डोळे बोलके, नाकातली नथनी हुबेहूब. गाल कोरा.

हौसाक्कानं कागद लांब धरला, जवळ धरला. तिला नाही म्हणणं जड जात होतं, हे दिसत होतं.

"बाई झ्याक हाय. पर कोन म्हनायची ही?"

"तुम्हीच की, आक्का."

"मी? मग माझं काळं कुठं ठेवलंस?" ती हसली, आणि हसता हसता तिनं कागद मांडीवर ठेवला. "हे बघून ती म्हनंल, आजी बी गोरीच. म्हंजे मी एकलीच काळी."

सुकन्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सरांचं बोलणं तिला झोंबलं होतं, पण हे खोल गेलं. तिकडे पुण्यात एक लहान पोर ताटावरून उपाशी उठत होती, आणि आपण तिची आजी पुसून टाकली होती. आपल्या हातांनी, आपल्या रबरानं, आणि वर सहीसुद्धा केली होती.

"बसा आक्का," ती म्हणाली. "परत काढते."

"घाल की गं काळं, जिथं हाय तिथं. मी कुठं पळून चाललीया?"

दुसरा कागद. कोळशाची जाड कांडी. हौसाक्का दक्षिणेला तोंड करून बसलेली, पूर्वेचं ऊन तिच्या डाव्या गालावर. आणि उजवा गाल? सुकन्यानं त्याच्याकडे बघितलं. खरोखर बघितलं. किती महिन्यांनी!

तिथं काळोख नव्हताच नुसता. तिथं जांभळाची निळाई होती, तव्याची ऊब होती, कानाजवळ परतून आलेल्या उजेडाची तांबूस कड होती. डोळ्याखाली खोल, मऊ, शीतल छाया; हनुवटीखाली गाढ, गंभीर, निश्चल छाया; आणि सुरकुत्यांतून वाहत गेलेल्या अनेक बारीक छाया. हात गालापाशी आला. सवयीनं अडला. मग कांडी आडवी झाली, कागदावर टेकली, आणि एका दमात, कानापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, काळीभोर सावली उतरली.

पुन्हा एकदा. आणखी एकदा. मग उजळ गालावरही, हलक्या बोटानं, सावळेपणाचा पातळ थर. जसजसा कागद काळवंडत गेला, तसतसा चेहरा उजळत गेला. कपाळ पुढं आलं, नाकाला टोक आलं, डोळ्यांत माणूस आलं. सुकन्याच्या गालावर पाणी ओघळत होतं. ते पुसताना तिचाही चेहरा काळा झाला, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

हौसाक्कानं हाही कागद लांब धरला, जवळ धरला.

"हां," ती म्हणाली. "आता वळखंल."

छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं सुकन्याला झालं. ती मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं, की तटावरचे पारवे उडाले.

मग आठवलं, बुधवार. सरांना दाखवायला हाच एक चेहरा होता. तरी तिनं कागदाची सुरळी केली आणि हौसाक्काच्या हातात दिली. हौसाक्कानं बदल्यात दह्याचं गाडगं पुढं केलं. सुकन्यानं काळ्या बोटांनीच ते खाल्लं. चार दिवसांत पहिल्यांदा तिला खऱ्या भुकेची चव लागली.

दुपारभर गर्दी होती. कुणी म्हणालं, ताई, जरा उजळ काढा. सुकन्या म्हणाली, ऊन जिथं पडलंय तिथं उजळच आहे. दोघं उठून गेली. एक म्हातारा बसला, आणि आपलं चित्र बघून त्याला आपल्या बापाची आठवण आली.

दिवस कलता कलता गाडगी संपली. "सरास्नी काय दावशील मग?" वाडीला निघायच्या आधी हौसाक्कानं विचारलं, कारण सुकन्यानं दुपारी तिला सगळं सांगून टाकलं होतं. आणि ती पुन्हा स्टुलावर बसली. तीच बाई, तीच जागा, तोच ताठ कणा.

पण ऊन आता पश्चिमेला गेलं होतं. उजवा गाल केशरी झाला होता, आणि सावली नाक ओलांडून डाव्या गालावर जाऊन बसली होती. सकाळचं काहीच उपयोगाचं नव्हतं. सुकन्यानं नवा कागद लावला. मग तिचा हात निघाला, आणि जिथं सावली गेली होती तिथं, न अडता, न भिता, तिच्या मागोमाग गेला. चित्र पुरं होण्याआधीच तिला कळलं की आता बुधवारची भीती नाही.

हौसाक्का उठली. रिकाम्या पाटीत नातीसाठीचं चित्र ठेवून ती डोक्यावर घेतली आणि तीन दरवाजातून, मावळत्या उन्हाकडे तोंड करून, वाडीची वाट उतरू लागली. ती खाली खाली जात राहिली, आणि तिची सावली मागं मागं वाढत राहिली. दगडांवरून, गवतावरून, उंबऱ्यावरून वर येत येत, लांब, शांत, काळीभोर, सुकन्याच्या पावलांपर्यंत.