खुंटीला बांधलेली जमीन

थाळीतलं पाणी थरथरायला लागलं आणि गोदामभर एकच कल्ला उठला, "हलली! हलली!"

गोदाम पूर्वी लाकडाच्या वखारीचं होतं. आता तिथे दर रविवारी संध्याकाळी खुंटीबाबांची सभा भरायची. पुढे फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर एक दगड, दगडात ठोकलेली हातभर लोखंडी खुंटी आणि खुंटीशेजारी पाण्याने काठोकाठ भरलेली थाळी. व्यासपीठाच्या फळ्या गुरगुरत होत्या. पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते.

"मी नुसता हात काढला, तर ही धरणीची घोडी बघा कशी उधळायला बघतेय!" बाबा गरजले. "देऊ सोडून?"

"नको बाबा, नको!"

"दुसऱ्या मुलखांत गावंच्या गावं आडवी झाली. तुमच्या घरातला पेला तरी कधी पडला का?"

"नाही!"

"का नाही?"

"खुंटी!"

बाबांनी खुंटीवर मूठ आवळली. गुरगुर थांबली, पाणी निवलं. लोकांनी टाळ्यांनी पत्रे दणाणून सोडले.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. एवढ्या अवाढव्य घोडीला हातभर खुंटी कशी पुरली, या विचाराने एरवी मला हसू आवरलं नसतं. पण त्या दिवशी हसण्याची सोय नव्हती. व्यासपीठावर, बाबांच्या उजव्या हाताला, माझी ताई उभी होती.

ताईचं सासर डोंगराच्या पायथ्याच्या शहरात. वर्षापूर्वी तिथे भूकंप झाला. भरदुपारी ताई अंगणात कपडे वाळत घालत होती, तिची मुलगी आत झोपली होती. भिंत आतल्या बाजूला पडली. त्यानंतर भावोजी नोकरीच्या निमित्ताने दूर निघून गेले, ते फोनही करेनासे झाले. ताई आमच्याकडे परतली. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप लागायची, एवढंच. शेवटी आईच तिला बाबांकडे घेऊन गेली.

"तिथे चार माणसांत बसते, बोलते," आई मला म्हणाली. "तुझ्या पुस्तकांनी तिला कधी बोलतं केलं का?"



पण बाबा तिला काय बोलायला लावत होते, ते मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकलं.

"सांग बाई," ते म्हणाले, "तू कुठली?"

"इथलीच," ताई म्हणाली.

"मग तिकडे का गेलीस?"

"लग्न होऊन."

"खुंटीच्या बाहेर गेलीस! बांधलेली जमीन सोडलीस! आणि काय गमावलंस?"

ताईने ओठ हलवले. मुलीचं नाव घेतलं असावं, मला ऐकू आलं नाही. बायका डोळे पुसायला लागल्या. बाबांनी तेवढ्या वेळात खुंटीवरचा हात हळूच उचलला आणि फळ्या पुन्हा गुरगुरायला लागल्या.

मी भिंतीला टेकून उभा होतो, दाराजवळ. त्या आवाजात मला काहीतरी खटकत होतं. पाण्यावर उठणारी वर्तुळं एकसारखी, रेखून काढल्यासारखी होती. थरथर वाढत नव्हती, कमी होत नव्हती, अडखळत नव्हती. जमीन अशी तालात हलत नाही. असं यंत्र हलतं. आणि माझ्या डोक्याजवळच गोदामाचा विजेचा मुख्य खटका होता.

मी तो खाली ओढला.

पंखे मंदावले, दिवे गेले. खिडक्यांतून संध्याकाळचा उजेड येत होता, त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. गुरगुर थांबली होती. थाळीतलं पाणी शांत होतं. आणि बाबांचा हात अजून हवेतच होता, खुंटीपासून चांगला वीतभर लांब.



"बाबा, तुम्ही खुंटी धरली नाहीत, तरी थांबली," मी ओरडलो. "वीज गेली आणि भूकंपही गेला!"

मी व्यासपीठावर चढलो. बाबांच्या पायाखालची सतरंजी ओढली, तर अंगठ्याशी शिवणयंत्राला असतो तसला पायाने दाबायचा खटका. दोन फळ्या सैल होत्या. त्या उचलल्या तर खाली तुळईला आवळून बसवलेली मोटार आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला लोखंडाचा ठोकळा. ठोकळा एकाच बाजूला, म्हणून मोटार फिरताना हिसके देते आणि फळ्या थरथरतात. खिशातला फोन थरथरतो तोही अशाच चिमुकल्या मोटारीने. मी लोकांना जवळ बोलावून दाखवलं. पुढच्या रांगेतले शिंपीकाका वाकून बघून आले आणि म्हणाले, "मोटारच आहे हो."

मला वाटलं, संपलं.

बाबांनी घसा साफ केला. "मोटारच आहे," ते शांतपणे म्हणाले. "खरी जमीन हलवून दाखवू? तुमची पोरंबाळं गाडू? तुम्हाला समजावं म्हणून हे चित्र होतं. खेळ मोटारीचा, पण खुंटी खरी. हे मास्तर एवढे शिकलेले आहेत, त्यांनीच सांगावं. या गावात कधी भूकंप झाला का?"

"जाणवण्यासारखा नाही," मी म्हणालो. खोटं कसं बोलू?

"झालं तर मग!" बाबा हसले. लोकही हसले, सुटल्यासारखे.

मी जीव तोडून सांगितलं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे प्रचंड तुकडे आहेत. नखं वाढतात त्या वेगाने ते सरकतात. दोन तुकडे जिथे एकमेकांना रेटतात किंवा घासतात, तिथे ताण साचतो, खडक तुटतो आणि जमीन हादरते. ताईचं शहर अशा काठावर आहे. आपण काठापासून खूप लांब, तुकड्याच्या मधोमध, जुन्या, थंड, टणक खडकावर राहतो. इथे ताण फार सावकाश साचतो, म्हणून धक्के क्वचित आणि बहुधा हलके. कधीच नाहीत असं मात्र नाही, जुन्या भेगा इथेही आहेत. बाबांचे पणजोबा जन्मायच्या आधी लाखो वर्षं ही जमीन अशीच शांत होती.

"तेव्हा दुसऱ्या कोणीतरी धरली असेल," मागून एक आजोबा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

कोणीतरी खटका वर केला. पंखे फिरायला लागले. लोक आपापल्या जागी बसले. मी ताईचा हात धरून तिला खाली उतरवलं. आई आमच्या मागून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो.

"ताई, तुझी काही चूक नव्हती. तू इथेच राहिली असतीस, कुठेही गेली असतीस, तरी ते तुकडे तसेच सरकले असते."

"माहीत आहे."

"आणि ती मोटार..."

"तेही माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं." तिने मान वर केली नाही. "खऱ्या वेळी आधी एक दणका बसला. मग जमीन नुसती थरथरली नाही रे, ती कुठेतरी निघून चालली होती. तिला असा एकच सूर नव्हता."

"मग जात का होतीस? तो सगळ्यांसमोर तुला दोषी ठरवत होता!"

"ठरवू दे." शेंगेतले दाणे तिने वाटीत टाकले. "तिथे हात ठेवला की थांबायचं. दर वेळी थांबायचं."

मीही एक शेंग उचलली.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुझ्या म्हणण्याप्रमाणे कोणाचीच चूक नाही ना?"

"जमीन हलली त्यात कोणाचीच नाही. भिंत कच्ची होती, ती चूक बांधणाऱ्याची आहे."

"भिंत माझ्या सासऱ्यांनी बांधली होती. ते गेले, पोरीच्याही आधी." तिने आणखी एक शेंग फोडली. "मग मी रागवू कोणावर?"

भूशास्त्रात याचं उत्तर नाही. मी ते शोधल्याचं सोंगही केलं नाही.

सभा बंद झाली नाही. मोटार काढली आणि आता बाबा नुसती खुंटी दाखवतात. गर्दी तेवढीच असते. ताई व्यासपीठावर जात नाही, पण आईबरोबर कधीकधी मागच्या रांगेत जाऊन बसते. मी तिला अडवत नाही.

मात्र तुम्हाला सांगतो. तुमच्या गावची जमीन शांत असेल, तर ती कोणाच्या पुण्याईने नाही. दुसऱ्या गावची हादरली असेल, तर ती कोणाच्या पापाने नाही. तुमच्या पायाखाली कसला खडक आहे, हे जाणत्याला विचारा. घर बांधताना खांबात सळ्या किती घातल्या आणि भिंती एकमेकींना बांधल्यात का, हे गवंड्याला विचारा. जमीन धरून ठेवणं कोणाच्याच हातात नाही, पण भिंत आपल्या हातात आहे. आणि कोणी मूल गमावलेली आई तुमच्यासमोर उभी करून तिला "काय केलंस?" असं विचारत असेल, तर टाळ्या वाजवू नका. उठा आणि तिला घरी घेऊन या.