भाष्याचा तिसरा खंड

गुंडाजी पाळक वारले तेव्हा त्यांच्यामागं ना शेत होतं ना घर. होती ती पुस्तकं. कोरेगाव-औंध भागातल्या वाड्यावस्त्यांवर सायकलनं हिंडून त्यांनी जन्मभर उपदेश केला, आणि कॅरिअरला बांधलेल्या पत्र्याच्या पेटीत नेहमी एखादं जाड पुस्तक असायचंच. त्यांची खरी दौलत म्हणजे बायबलवरच्या भाष्याचे सहा खंड. कुठला अध्याय कुणी, कुणासाठी लिहिला, त्या काळी लग्नं कशी लागत, धान्य कसं मळत, कठीण शब्दाचा अर्थ काय, सगळं त्यात सापडायचं. शेवटच्या आजारपणात त्यांनी दोन्ही लेकरांना जवळ बोलावून वाटणी केली. नव्या कराराचे दोन खंड आणि शब्दसूची थोरल्या मार्थाला, जुन्या कराराचे चार खंड धाकट्या ज्ञानूला.

"आपापलं वाचा," ते म्हणाले, "आणि अडलं की एकमेकांकडं जा."

मार्थाबाई साताऱ्याला शाळेत शिक्षिका होत्या, पुढं हेडबाई झाल्या. लग्न केलं नाही. ज्ञानू सांगलीजवळ माधवनगरच्या गिरणीत विणाई खात्यावर जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम, होता. दोनतीन वर्षं बापाच्या सांगण्याप्रमाणं चाललं. आक्का सुट्टीत माधवनगरला जायची, भाऊ नाताळात साताऱ्याला यायचा, येताना धोतरात गुंडाळून एखादा खंड आणायचा. मग एकोणसत्तर साली ज्ञानू एका नव्या पंथाच्या मंडळीत जायला लागला आणि तिथल्या रीतीप्रमाणं त्यानं कृष्णेच्या पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला.

मार्थाबाईंना हे कुणाकडून तरी कळलं. त्या तडक माधवनगरला गेल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"बाबांनी स्वतःच्या हातानं तुला बाप्तिस्मा दिला होता. तो पुरला नाही?"

बनुबाई, त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. मार्थाबाईंनी तांब्याला हात लावला नाही. आल्या पावली त्या परत फिरल्या, आणि पुन्हा त्या घरी गेल्या नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांना दिसेनासं होऊ लागलं. आधी शब्दसूचीतली बारीक अक्षरं गेली, मग भाष्यातली, मग समोरच्या माणसाचा चेहराही धुक्यात असल्यासारखा दिसायला लागला. मोतीबिंदू पिकला होता. थंडी पडल्यावर मिरजेला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. सोबतीला शेजारच्या राहीबाई तयार झाल्या.

"ज्ञानूला कळवायचं नाही," मार्थाबाईंनी बजावलं.

राहीबाईंनी मान डोलावली. मिरजेला पोचल्यावर, मार्थाबाईंना खाटेवर निजवून त्या सरळ एसटीनं माधवनगरला गेल्या आणि सांगून आल्या.

शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. सकाळ कुठली आणि दुपार कुठली हे आवाजांवरून ओळखायचं. उजवीकडच्या खाटेवर तासगावच्या खातूनबी होत्या; त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी. पलीकडं औंधच्या साळूबाई. तिघी एकमेकींच्या आवाजाला ओळखत होत्या, तोंडं कुणीच कुणाची पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेला मार्थाबाईंना वंगणाचा आणि सुताच्या धुरळ्याचा वास आला. स्टूल सरकलं.

"आक्का, मी ज्ञानू."

मार्थाबाईंनी मान फिरवावी म्हटलं तर वाळूच्या पिशव्या होत्या.

"तू बोलू नगंस. डाक्टरांनी बी सांगितलंय. मी आपला तिसरा खंड आणलाय. त्यात ईयोब हाय. निजून निजून कट्टाळली असशील."

त्यानं वाचायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात काम केल्यानं त्याला हळू बोलता येत नसे. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तो एकेक शब्द लावत होता. ऊस नावाच्या देशातला तो भला माणूस, त्याची गुरंढोरं, त्याची लेकरं, आणि गुरं गेली, लेकरं मेली असे एकाच दिवशी एकामागून एक आलेले निरोप. मूळ वचन झालं की खालचं भाष्य. जोडाक्षर आलं की तो थांबायचा, पुटपुटायचा, मग पुढं जायचा.

मार्थाबाईंनी पस्तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं होतं. त्यांच्यानं राहवेना.

"सांतवन नव्हे. सांत्वन."

"सांत्वन," ज्ञानू म्हणाला आणि पुढं वाचू लागला.

"निर्दोषत्व. त्याचं निरदोशत्व काय करतोस? ओळ सुटली बघ. मागं जा."

तो मागं गेला. पुन्हा अडखळला. पुन्हा त्यांनी टोकलं. साळूबाईंच्या खाटेजवळ बसलेली कुणी तरी पोरगी फिसकन हसली. ज्ञानू थांबला. पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"येतो आक्का," तो म्हणाला. "पाळी लवकरची हाय उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला नाही. भेटीची घंटा झाली, माणसं आली, गेली. अंधार पडला असावा, कारण भाकरीचा वास सुटला होता. तेव्हा खातूनबींनी विचारलं, "आक्का, तुमचा भाऊ आज आला न्हाई व्हय?"

"नाही."

"आमच्यात बी हायेत हे ईयोब, अय्यूब नावानं. त्यांचं सबर, म्हंजी धीर, लय मोठं म्हनत्यात. पन माझा बाप लवकर गेला, मला कुनी पुरतं सांगितलंच न्हाई. पुढं काय झालं वं?"

मार्थाबाईंनी सांगायला घेतलं. त्यांना सगळं पाठ होतं. ईयोबाच्या अंगावर फोड उठले, तो राखेत बसला, तीन मित्र आले, वाद झाला, देव वावटळीतून बोलला. कुठंही न अडखळता त्यांनी ते पूर्ण केलं.

"चांगलं सांगितलं," खातूनबी म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्ये वाचत व्हते तवा फुडला शबुद कवा येतो म्हनून जीव टांगनीला लागायचा. तुमचं कसं, झालं बी लगेच."

मार्थाबाईंना त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

सकाळी बनुबाई आली. तिच्या बांगड्यांवरून मार्थाबाईंनी तिला ओळखलं. तिनं मऊ भात आणला होता. चमच्यानं भरवता भरवता ती इकडचं तिकडचं बोलत राहिली, नवऱ्याचं नाव काढेना. शेवटी मार्थाबाईंनीच विचारलं.

"ज्ञानू का आला नाही?"

"खरं सांगू का वन्सं? त्यास्नी लाज वाटली." बनुबाईनं त्यांची हनुवटी पुसली. "पाळीला जायच्या आधी रोज पहाटं उठून वाचत्यात. ओळीवर बोट ठेवून. समजलं न्हाई तर तीच ओळ परत. एक एक खंड लावायला लय दिस लागलं. तिसरा नुकता धरलाय. मला म्हनले, आक्काला दिसत न्हाई तवर आपुन वाचून दाखवावं, तेवडंच तिला बरं वाटंल."

मार्थाबाई घास गिळायचं विसरल्या. ज्ञानूची शाळा चौथीत सुटली होती. बाबांना एकालाच पुढं शिकवणं जमणार होतं, आणि थोरली हुशार म्हणून तिला ट्रेनिंग कॉलेजात घातलं. हे त्यांना ठाऊकच होतं. पण ते चार खंड माधवनगरच्या कोनाड्यात धूळ खात पडले असतील, असंच त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

"बनू," त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, ये. म्हणावं, मी मध्ये बोलणार नाही."

तो आला. स्टुलावर बसल्यावर त्यानं घसा खाकरला, पण वाचायला काही लागेना.

"वाचा की, भाऊ," खातूनबी पलीकडून म्हणाल्या. "मित्र आलं न्हवं का गावास्नं?"

"व्हय, मित्र आले," ज्ञानू म्हणाला, आणि त्यानं खंड उघडला.

त्या दिवशी तो मित्रांच्या येण्याचा भाग वाचत होता. लांबून पाहिलं तेव्हा ईयोब त्यांना ओळखूही आला नाही. ते मोठ्यानं रडले, डोक्यावर धूळ उधळली, आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कितीतरी दिवस कुणीच एक शब्द बोललं नाही. खाली भाष्यकारानं लिहिलं होतं ते ज्ञानूनं सावकाश, बोट ठेवत वाचलं: या मित्रांनी पुढं पुष्कळ भाषणं केली आणि सगळी चुकली. त्यांच्या हातून जे एक चांगलं झालं, ते हे गप्प बसणं.

मार्थाबाईंनी हे पान बापाच्या घरी दिवा लावून किती तरी वेळा वाचलं होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. ज्ञानूनं 'सहानुभूती' शब्द तीनदा मोडला. त्यांच्या जिभेच्या टोकावर आलेलं त्यांनी परत आत ढकललं. नर्स ट्रे घेऊन दारात थांबली होती.

"आक्का, निजलीस काय?"

"नाही रे. वाच."

त्यानंतर तो रोज आला. माणसं पांगल्यावर तो थोडा वेळ तसाच बसून राहायचा. असंच एकदा त्यानं आपण होऊन विषय काढला.

"बाबांचा बाप्तिस्मा मी पुसला न्हाई, आक्का. मी चार महिन्यांचा व्हतो तवा. मला काय कळत व्हतं? त्ये बाबांनी माझ्यावतीनं म्हटलं. मला एकदा माझ्या तोंडानं म्हनायचं व्हतं. एवडंच."

मार्थाबाईंनी या वेळी पुरतं ऐकून घेतलं.

"मला ते अजूनही पटत नाही," त्या म्हणाल्या.

"आसू दे."

"पण त्या दिवशी बनूच्या हातचं पाणी मी प्यायला हवं होतं."

ज्ञानूनं त्यांच्या पायांवरची घोंगडी नीट केली. रडायची मनाई होती, म्हणून मार्थाबाई मनातल्या मनात पाढे म्हणत राहिल्या.

पट्टी निघाली तेव्हा आधी नुसता उजेड दिसला, मग खिडकी, मग भावाच्या कानामागचे पांढरे केस. खातूनबींना न्यायला त्यांचा मुलगा रहिमान आला होता. जाताना त्या खाटेपाशी आल्या. दोघींनी एकमेकींची तोंडं प्रथमच, तीही अंधूक, पाहिली आणि दोघींनाही हसू आलं. प्रत्येकीनं दुसरीला फारच तरुण धरलं होतं. चष्मा मिळायला अजून अवकाश होता. राहीबाई एकट्याच साताऱ्याला परतल्या आणि मार्थाबाई माधवनगरला गेल्या.

तिथं पहाटेचं वाचन चालू राहिलं. ज्ञानू वाचायचा, बनुबाई चुलीपुढं बसून ऐकायची. चष्मा आला तरी मार्थाबाईंनी खंड स्वतःकडं ओढला नाही. एखादा संदर्भ नव्या करारातला निघाला, की त्या सांगायच्या, ज्ञानू मान हलवून म्हणायचा, "मग त्यो खंड बी लागणारच की." बाप्तिस्म्याचा विषय दोघंही टाळत नव्हती, एकदोनदा चांगलीच जुंपली. पण चहा थंड व्हायच्या आत मिटायचं.

एके दिवशी ईयोबाचा शेवटचा अध्याय आला. देवानं त्याला सगळं परत दिलं. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट. लेकरं मात्र पहिल्याइतकीच, सात मुलगे, तीन मुली. भाष्यकारानं लिहिलं होतं की अशा रीतीनं ईयोबाचं काहीही उणं राहिलं नाही.

"आसं कसं?" बनुबाई चुलीपासून म्हणाली. तिनं मध्ये बोलण्याची ती पहिलीच वेळ. "मेंढरं आली. पन गेलेली पोरं कुठं परत आली?"

ज्ञानूचं बोट ओळीवर तसंच राहिलं. त्याची आणि बनूची पहिली मुलगी वर्षाची होऊन तापानं गेली होती. तेव्हा बाबा होते, आणि तिला मातीपर्यंत मार्थाबाईंनीच उचलून नेलं होतं.

भाष्यात याच्यावर काही आहे का म्हणून ज्ञानूनं पान उलटलं, पुन्हा मागं आला. काही नव्हतं. त्यानं बहिणीकडं पाहिलं. मार्थाबाईंना या अध्यायावर तासभर बोलता आलं असतं.

"याचं उत्तर मला येत नाही, बनू," त्या म्हणाल्या.

बनुबाईनं मान हलवली, जणू तिलाही एवढंच हवं होतं. गिरणीचा भोंगा झाला. ज्ञानूनं खंड मिटला, डबा उचलला आणि तो कामावर गेला. मार्थाबाई उठून चुलीजवळ गेल्या आणि पाट ओढून भावजयीच्या शेजारी बसल्या. बऱ्याच वेळानं, भाकरी थापता थापता, बनुबाई त्या मुलीबद्दल बोलू लागली. तिला पुढचे दोन दात कसे आले होते, मांजर दिसलं की ती कशी टाळ्या पिटायची. मार्थाबाई ऐकत राहिल्या. बाहेर चांगलं उजाडलं होतं.